बदल तेवढाच धाडा

एका गावी हजार पानांची पोथी आहे आणि दूरच्या गावी तिची हुबेहूब नक्कल आहे. मूळ पोथीतील चार ओळी बदलल्या, तर नक्कलकार सारी पोथी पुन्हा लिहून काढील काय? तो तेवढ्याच ओळी दुरुस्त करील. संगणकातील फोल्डरची नक्कल दूरच्या सर्व्हरवर ठेवली की हाच प्रश्न उभा राहतो.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी तो सोडविला. त्यांच्या प्रोग्रामचे नाव ‘आरसिंक’. अडचण अशी होती, की दोन प्रती दोन ठिकाणी. समोरासमोर ठेवून त्या ताडाव्यात कशा? त्यासाठी सारी फाइल मागवावी, तर श्रम वाचतच नाहीत. त्यांनी युक्ती योजिली. जुनी प्रत असलेला संगणक तिचे समान तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यावरून तो गणिताने छोट्या संख्या काढतो. त्या जणू तुकड्याची खूण. या खुणाच तो दुसऱ्या संगणकाकडे पाठवितो. दुसरा आपल्या नव्या प्रतीत त्या खुणांचे तुकडे शोधतो. जे जुळतात, ते पलीकडे आहेतच. जे जुळत नाहीत, तेवढेच तो धाडतो.

हे काम रोज आठवणीने कोण करणार? त्यासाठी आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवतात. तिला स्क्रिप्ट म्हणतात. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत ‘क्रॉन’ नावाचा वेळ पाळणारा सेवक असतो. त्याच्या वेळापत्रकात मिनिट, तास, दिनांक, महिना व वार अशी ५ घरे असतात. पहिल्या दोन घरांत ३० व २ लिहून उरलेल्या घरांत तारका मांडल्या, की तो रोज रात्री अडीच वाजता स्क्रिप्ट चालवितो.

सेवक आज्ञाधारक खरा. पण त्याला विवेक नाही. ‘मूळ फोल्डरात नसेल ते सर्व्हरवरूनही काढून टाक’ अशी आज्ञा असली, तर चुकून पुसलेली फाइल रात्रीतून तिकडेही नाहीशी होते. म्हणून जाणती माणसे आधी रंगीत तालीम घेतात. तेव्हा आरसिंक काय पुसले जाईल याची यादी दाखवितो, पुसत मात्र काहीच नाही. शिवाय ती जुन्या तारखांच्या प्रती निराळ्या जपून ठेवतात. सांगितलेले काम यंत्र चोख करते. काय सांगावे, हे माणसानेच ठरवावयाचे असते.

स्वाध्याय

१. नव्या प्रतीतील बदल संगणक कसा ओळखतो?
२. ‘सेवक आज्ञाधारक खरा, पण त्याला विवेक नाही’ हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.