अरण्याची नोंदवही

अरण्याचें रक्षण कसें करावें, असा प्रश्न आम्हीं वर्गांत घातला म्हणजे विद्यार्थ्यांचीं उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. वृक्षतोड बंद करावी, शिकाऱ्यांस शासन करावें, सरकारनें राखणदार नेमावे. हीं उत्तरें खोटीं नाहींत. पण तीं पुरीं नाहींत. कुऱ्हाडीपासून व बंदुकीपासून राखलेल्या अरण्यांतही उपासमार शिरूं शकते, आणि ती दृष्टीस पडण्यास कित्येक वर्षांची चिकाटीची नोंद लागते. आफ्रिकेंतील लोपे नामक अरण्यानें ही गोष्ट जगास शिकविली. तिचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गाबोन हा देश आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऐन विषुववृत्तावर वसलेला असून त्याचा बहुतेक भाग दाट अरण्यानें व्यापला आहे. देशाच्या मध्यभागीं, ओगोवे नदीकांठीं लोपे आहे. येथें १९४६ सालापासून राखीव क्षेत्र होतें. २००२ सालीं गाबोननें जीं १३ राष्ट्रीय उद्यानें स्थापन केलीं, त्यांत लोपेचा समावेश झाला, व २००७ सालीं त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. सुमारें ४,९०० चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशांत गोरिला, चिंपांझी, मँड्रिल आणि वनहत्ती राहतात. मैदानांतील हत्तीहून वनहत्ती ठेंगणा असतो व त्याचे सुळे अधिक सरळ असतात. हस्तिदंताच्या लोभानें व वनांच्या नाशानें ३१ वर्षांत या प्राण्याची संख्या शेंकडा ८६ हून अधिक घटली, असें २०२१ सालीं जाहीर झालें. त्याच वर्षीं लिदेंतील डी. एन. ए. तपासून केलेल्या गणनेंत गाबोनमध्यें सुमारें ९५,००० हत्ती असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे हा देश त्यांचा आज सर्वांत मोठा आश्रय होय.

लोपे येथें कॅरोलिन टुटिन व मिशेल फर्नांडेझ या संशोधकांनीं गोरिला व चिंपांझी यांच्या अभ्यासासाठीं एक ठाणें उभारलें. हे प्राणी काय खातात हें कळावयाचें, तर झाडांवर केव्हां काय पिकतें हें आधीं कळलें पाहिजे. म्हणून १९८६ सालापासून ठराविक झाडांची दरमहा पाहणी सुरू झाली. पाहणी करणाऱ्यानें ठरलेल्या वाटेनें जावें, प्रत्येक झाडाखालीं उभें राहून दुर्बिणीनें शेंडा न्याहाळावा, आणि पालवी, फुलें व फळें किती आहेत तें लिहावें. फळ नसेल तर ‘नाहीं’ असें लिहावें. पाहणारे बदलले, पण पाहणी थांबली नाहीं. या कामांत गाबोनच्या माणसांचा वांटा फार मोठा आहे. कित्येक झाडें दरवर्षीं फळत नाहींत. त्यामुळें एका महिन्याच्या किंवा एका वर्षाच्या नोंदीवरून कांहींच ठरवितां येत नाहीं.

परंतु बत्तीस वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हां संशोधक चकित झाले. हा वृत्तांत ‘सायन्स’ या नियतकालिकांत २०२० सालीं प्रसिद्ध झाला. १९८६ पासून २०१८ पर्यंत फळांचें प्रमाण शेंकडा ८१ नीं घटलें होतें. १९८७ सालीं हत्तीस सुमारें दहा झाडांमागें एका झाडावर पिकलीं फळें मिळत. पुढें पन्नासांहून अधिक झाडें धुंडाळण्याची पाळी आली. मग हत्तींचीं जुनीं छायाचित्रें तपासण्यांत आलीं. बरगड्या किती दिसतात, पाठीचा कणा किती वर आला आहे, हें पाहतां २००८ ते २०१८ या दहा वर्षांत त्यांची अंगस्थिति शेंकडा ११ नीं खालावल्याचें दिसलें. झाडें जागच्या जागीं उभीं होतीं. त्यांच्या छायेंत हत्ती मात्र रोडावत होते.

असें कां झालें? आंब्यास मोहोर येण्यास थंड रात्री लागतात, हें आपल्याकडील बागाईतदारांस ठाऊक आहे. लोपे येथील कांहीं झाडांचेंही तसेंच आहे. रात्रीचें तपमान १९ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरल्यावांचून तीं फुलत नाहींत, असें टुटिन व फर्नांडेझ यांनीं १९९३ सालींच दाखविलें होतें. तेथील रात्री दर दहा वर्षांस सुमारें पाव अंशानें उष्ण होत चालल्या आहेत, व पाऊसही उणावला आहे. हवेंतील हा पालटच फळें घटण्याचें मुख्य कारण असावें, असा संशोधकांचा कयास आहे.

याचा परिणाम हत्तीपुरताच राहत नाहीं. मोठ्या बियांचीं फळें खाऊन हत्ती त्या बिया दूरवर नेऊन टाकतो. अनेक वृक्षांची पेरणी त्याच्याच पोटांतून होते. उलट भुकेला हत्ती गांवच्या केळींत व कसाव्याच्या शेतांत शिरतो, आणि गरीब शेतकऱ्याचें वर्षाचें अन्न एका रात्रींत नाहींसें होतें. राखणदार शिकाऱ्यास अडवूं शकेल. दूरदेशींच्या धुरानें तापलेली हवा त्याला सीमेवर अडवितां येणार नाहीं. मात्र संकट कोणत्या वाटेनें येत आहे हें नोंदवहीनें सांगितलें, म्हणजे उपाय कोठें करावयाचा हें तरी कळतें.

विद्यार्थी मित्रहो, यांतून घेण्यासारखा बोध आमच्या मतें असा: त्या पाहणाऱ्यांपैकीं कोणी कंटाळून झाडाखालीं न जातां ‘फळ आहे’ असें लिहून टाकलें असतें, तर ही उपासमार आणखी कित्येक वर्षें झांकून राहिली असती. ‘नाहीं’ हा त्यांच्या वहींतील लहानसा शब्द. पण तो खरा होता, म्हणून त्यास मोल आलें. आपल्या घराजवळील किंवा शाळेच्या आवारांतील एक झाड निवडा. त्यास पालवी केव्हां फुटली, मोहोर केव्हां आला, फळ धरलें कीं गळलें, हें तारीखवार लिहून ठेवा. पालकांनींही अधूनमधून ती वही मागून पाहावी. पहिल्या वर्षीं तींत विशेष कांहीं दिसणार नाहीं. तरीही लिहीत राहा. आणि शाळा सोडून जाल तेव्हां ती वही धाकट्या भावंडाच्या हातीं द्या.