बेटावरचा गारवा

मुलांनो, वैशाखातल्या दुपारी तुम्ही काय करता? खिडक्या लावून घेता, पंखा सुरू करता, माठातले गार पाणी पिता. अबुधाबी शहरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शिवाय समुद्रामुळे हवा दमट असते, त्यामुळे घामही लवकर वाळत नाही.

संयुक्त अरब अमिराती या देशाची ही राजधानी. तिला लागूनच अल रीम नावाचे बेट आहे. आज त्या बेटावर उंचच उंच इमारती आहेत. त्यांतल्या स्काय टॉवरला तर सत्तरहून अधिक मजले आहेत! एवढ्या घरांत गारवा कसा आणायचा?

तुम्ही म्हणाल, प्रत्येक घरात एअर कंडिशनर लावावा. पण गंमत पाहा. हे यंत्र उष्णता नाहीशी करत नाही. ते खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते. हजारो यंत्रांनी असे केले, तर गल्ली तापते. गल्ली तापली, की यंत्रांना जास्त काम पडते आणि वीजही जास्त लागते.

म्हणून अल रीमवर अनेक इमारतींसाठी मिळून एकच मोठे केंद्र चालवतात. तिथे पाणी गार करतात. अशा केंद्रातले पाणी सुमारे ५ अंश इतके गार असते. जमिनीखालच्या नळांतून ते इमारतींत जाते. या गार नळांवरून हवा खेळवली, की खोली थंड होते. कोमट झालेले पाणी पुन्हा केंद्रात येते, पुन्हा गार होते. एक मोठे यंत्र अनेक लहान यंत्रांपेक्षा कमी विजेत हे काम करते.

पण ऊन आतच आले नाही तर? अबुधाबीत २०१० पासून नव्या इमारतींना गुण म्हणून ‘मोती’ देतात, एक ते पाच. वीज आणि पाणी किती वाचते, हेही त्यासाठी पाहतात. मोतीच का? पूर्वी इथले लोक समुद्रात बुड्या मारून मोती काढत.

अबुधाबी शहरातले अल बहर मनोरे पाहण्यासारखे आहेत. ते २०१२ साली पूर्ण झाले. अरबी घरांच्या खिडक्यांना पूर्वी लाकडी जाळी असे. उजेड आत येई, ऊन मात्र अडे. आपल्या वाड्यांतल्या जाळीदार खिडक्याही तेच काम करत. या मनोऱ्यांनी ती जाळी हलती केली आहे. प्रत्येक मनोऱ्यावर हजाराहून अधिक छत्र्या आहेत. सूर्य ज्या बाजूला येतो, त्या बाजूच्या छत्र्या आपोआप उघडतात. सूर्य पुढे सरकला, की त्या मिटतात.