लाळेचा नळ कोण उघडतो?

संध्याकाळी चेंबूर स्टेशनाबाहेरच्या पाणीपुरीच्या गाडीवरून नुसते चालत जा. पुरी हातात पडण्याआधीच चिंचेच्या वासाने तुमच्या तोंडाला पाणी सुटेल. हे पाणी दिवसाकाठी सुमारे १ लिटर भरते. ते तोंडात सोडते कोण?

लाळग्रंथींच्या मुख्य जोड्या तीन : कानांच्या पुढे, खालच्या जबड्याखाली आणि जिभेखाली. त्यांतील पेशींना पाणी ढकलता येत नाही. ढकलता येतात ते आयन. मज्जातंतूचा संदेश आला, की पेशीच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते. त्यामुळे क्लोराइडची दारे उघडतात. क्लोराइड आयन नलिकेत उतरतात, त्यांच्या ऋणभारामुळे सोडियम मागोमाग येतो आणि या मिठापाठोपाठ पाणी येते. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते ना, तेच तत्त्व. मग लाळ खारट का लागत नाही? कारण पुढच्या नलिका वाटेतच बरेचसे सोडियम व क्लोराइड परत शोषून घेतात, पाणी मात्र फारसे परत जाऊ देत नाहीत.

आता खरी अडचण पाहा. पेशीतील कॅल्शियमचा साठा लहान असतो व लगेच संपतो. लाळ मात्र जेवण होईपर्यंत वाहत राहते. म्हणजे साठा बाहेरून भरला जात असला पाहिजे. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असते, तेव्हा दार उघडायचाच अवकाश! पण दार कोणते? अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय दंत व मुख-मस्तक संशोधन संस्थेत, भारतीय वंशाच्या डॉ. इंदू अंबुडकर यांनी आपल्या संशोधनाची अनेक वर्षे या एका प्रश्नाला दिली. लाळेसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाला एवढी वर्षे! पण चिकाटीचे फळ मिळाले. २००० साली त्यांच्या गटाने टीआरपीसी-१ या प्रथिनाचा या कामातील सहभाग दाखवला. २००७ साली हे प्रथिन नसलेल्या उंदरांची लाळ बरीच कमी भरते, हे त्यांनी सिद्ध केले. दरम्यान २००५ व २००६ मध्ये इतर प्रयोगशाळांनी आणखी दोन प्रथिने शोधली : ओराय-१ हे मुख्य दार आणि स्टिम-१ हा साठ्याचा पहारेकरी. गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा तुम्ही पाहिला असेल. पातळी उतरली की तो खाली येतो आणि नळ उघडतो. स्टिम-१ म्हणजे असाच गोळा.

आता चेंबूरला परत येऊ. शेजारीच तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील तंत्रज्ञांनी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कर्करोगावर उपचार करणारे 'भाभाट्रॉन' हे यंत्र तयार केले. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार. अशा रुग्णांना किरणोपचार अनेकदा जीवदान देतात, पण लाळग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या तर तोंड कोरडे पडते. पोळीचा घास गिळवत नाही, दात किडतात, रात्री पाण्यासाठी उठावे लागते. कित्येकांचा हा त्रास कायमचा असतो.

यात एक कोडे आहे. किरणांनी आधी मरतात त्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशी. लाळेच्या पेशी तर सावकाश विभागतात. तरीही उपचाराच्या पहिल्या आठवड्यातच लाळ घटू लागते. हे कसे?

अंबुडकर यांच्या गटाने २०१३ साली दाखवले, की टीआरपीएम-२ हे दुसरेच एक आयन-दार नसलेल्या उंदरांना किरण दिले, तर त्यांची लाळ आधी घटते, पण पुढे बरीचशी परत येते. हे दार असलेल्या उंदरांची मात्र परत येत नाही. २०१७ साली पुढची साखळी उलगडली. किरणांमुळे हे दार उघडते, पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, म्हणजे तंतुकणिकेत, कॅल्शियम वाढते आणि शेवटी कॅस्पेज-३ हे विकर जागे होऊन स्टिम-१ कापून टाकते. टाकी आहे, नळ आहे, गोळाच तुटला! पेशी जिवंत राहूनही मुकी होते. विषाणूंमार्फत स्टिम-१ चे जनुक ग्रंथीत पुन्हा पोहोचवल्यावर उंदरांची लाळ पुन्हा वाढली.

हा उपचार अजून माणसांसाठी उपलब्ध नाही. सध्या किरणांचा झोत शक्य तेथे ग्रंथी टाळून दिला जातो. काही रुग्णांना पिलोकार्पीन हे औषध देतात. ते मज्जातंतूच्या संदेशाची नक्कल करते, म्हणजे पेशीच्या दाराची घंटा जोराने वाजवते. गोळा तुटलेल्या टाकीवर अशा घंटेचा कितपत उपयोग होईल, याचा विचार तुम्हीच वर्गात गुरुजींबरोबर करा.