पहिल्या पटाचा नियम शेवटच्या पटाला

आठवडाभर खामगावात शाळा आणि सुटीच्या दिवशी बुद्धिबळ स्पर्धांची पंचगिरी, असं माझं गेली बरीच वर्षं चाललंय. बुलडाणा, चिखली, मलकापूर, शेगाव, कधी मेहकर. बहुतेक स्पर्धा एकदिवसीय, रॅपिड म्हणजे झटपट डावांच्या. मंगल कार्यालय नाहीतर शाळेचं सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या, एन्ट्री फी, चषक आणि रोख बक्षिसं.

रोख म्हटलं की घरात प्रश्न येतोच. माझे सासरे विचारतात, "पैसे भरून खेळायचं, जिंकला तर पैसे घ्यायचे, मंग पोळ्याच्या पत्त्यात न् याच्यात फरक काय गा?" कायद्याचं उत्तर सोपं आहे. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावत नाही, आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीसुद्धा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवली. ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं सरसकट बंदीचा कायदा केला. तिथं कौशल्य की नशीब हा वादच ठेवला नाही. पण सासऱ्यांचा रोख कायद्यावर नसतो. पैसा समोर आला की माणूस कसा वागतो, हे त्यांनी पाहिलंय. ते मीही पाहतो. पोकरच्या स्पर्धा चालवणाऱ्या संचालकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची नियमावली मध्यंतरी वाचायला घेतली, तेव्हा पानोपानी वाटत होतं, हे तर आपल्याच हॉलमधलं चाललंय.

म्हणून हे चार अनुभवाचे बोल. चारच नाहीत, पण असो.

१. नियम आधी सांगा, आणि भाषणाच्या आधी सांगा

आपल्याकडे उद्घाटनाला पाहुणे येतात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग "बुद्धिबळानं बुद्धी वाढते" यावर भाषण. ते संपेपर्यंत पहिली फेरी उशिरात गेलेली असते आणि आयोजक माझ्या कानात म्हणतो, "सर, नियमांचं दोन मिनिटांत उरका." उरकायचं नाही. किती वेळ उशीर चालेल, बेकायदेशीर चाल दुसऱ्यांदा झाली तर काय, बरोबरीत कोण पुढे, हे सगळं मी आता पाहुणे यायच्या आधीच सांगून टाकतो, मराठीत, आणि त्याचा कागद दारावर चिकटवतो.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक रॅपिड स्पर्धेत मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला. २०० डॉलर दंड झाला, कपडे बदलायला सांगितलं, तो लगेच बदलायला तयार झाला नाही आणि पुढच्या फेरीच्या जोडीतून त्याला वगळलं. तो स्पर्धा सोडून गेला. त्याच स्पर्धेत नेपोम्नियाचीला खेळाच्या बुटांबद्दल दंड झाला होता. तो बूट बदलून आला आणि खेळला. जगभर पंचांना शिव्या पडल्या. माझं मत विचाराल तर जीन्सचा नियम फालतू होता आणि पंच बरोबर होते. नियम सगळ्यांना आधी माहीत होता. नेपोम्नियाचीला बूट बदलायला लावून कार्लसनची जीन्स चालवून घेतली असती, तर आमच्या मोताळ्याच्या पोराला मी कोणत्या तोंडानं नियम सांगणार होतो? पुढे जागतिक बुद्धिबळ महासंघानं नियम सैल केला, कार्लसन त्याहून झटपट डावांच्या ब्लिट्झ स्पर्धेला परत आला आणि नेपोम्नियाचीबरोबरच विजेतेपद वाटून घेतलं. सैल करायचा तर तो असा सगळ्यांसाठी करावा.

२. हात लागला की नाही, हे देवालाच माहीत असेल तर डाव चालू ठेवा

आमच्या हॉलमधली सगळ्यात मोठी आरोळी "टच मूव्ह!" हीच. पाळी असताना चालवायच्या हेतूनं मोहऱ्याला हात लावला की तोच चालवायचा. नुसता घरात नीट बसवायचा असेल तर हात लावण्याआधी तसं बोलायचं. नियम एका ओळीचा, भांडणं दिवसभराची.

चिखलीच्या एका स्पर्धेत दहा वर्षांखालच्या गटात एक हात वर झाला. "सर, यानं उंटाले हात लावला." समोरचा रडवेला. "नाई लावला सर. बाही लागली." त्याच्या अंगात मोठ्या भावाचा शर्ट, बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आलेल्या. मी आधी घड्याळं थांबवली. मग दोघांना वेगवेगळं विचारलं. मग पट पाहिला. उंट हलला असता तर मागचा वजीर जात होता, म्हणजे आरोप करणाऱ्याला आरोप करण्यात फायदा आणि नाकारणाऱ्याला नाकारण्यात. तेव्हा पटावरून काही सिद्ध होत नव्हतं. शेजारच्या पटावरची पोरं आपापल्या डावात बुडालेली. रॅपिडमध्ये चाली लिहायची सक्ती नसते, म्हणून कागदही नाही. पुरावा नाही, मग डाव पुढे चालू. त्याला बाह्या कोपरापर्यंत दुमडायला लावल्या आणि घड्याळ सुरू केलं. आरोप करणाऱ्या पोराचे बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

या नियमाला एक शेपूट आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. प्रतिस्पर्ध्यानं हाताचा नियम मोडला अशी तक्रार असेल, तर ती आपण स्वतः चाल करायला मोहऱ्याला हात लावायच्या आत करायची. एकदा तुमचा हात पडला की हक्क गेला. १९९४ मध्ये लिनारेसला कास्पारोव्हनं ज्युडित पोल्गारविरुद्ध घोडा एका घरात ठेवला, क्षणभर सोडला आणि उचलून दुसरीकडे नेला. कॅमेऱ्यात ते दिसलं. पण पोल्गार तेव्हा काही बोलली नाही. ती सतरा वर्षांची, समोर जगज्जेता. डाव ती हरली. आता मी मुलांना सांगतो ते एवढंच, की समोर कोणीही असो, लगेच घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंचालाच सांगायचं. समोरच्याशी भांडायचं नाही.

पोकरमध्ये हे जिभेला लागू आहे. आपल्या पाळीला तोंडातून "रेझ" म्हणजे बोली वाढवतो असं निघालं की ते बांधलं, मग चिप्स पुढे सरकोत न सरकोत. खेळ कोणताही असो, पंचाला मनातलं वाचता येत नाही, म्हणून त्यानं दिसलेलं-ऐकलेलं धरायचं.

३. पालक दोरीच्या बाहेर

पोरं सहसा लबाडी करत नाहीत. केली तर लगेच पकडली जातात, कारण त्यांना चेहरा सांभाळता येत नाही. पालकांचं अवघड. खोकला, पाण्याची बाटली डाव्या हातातून उजव्या हातात, खिडकीतून भुवया. नियमानं प्रेक्षकाला डावाबद्दल बोलायची मुभा नाही. गडबड दिसली तर फक्त पंचाला सांगता येते. डाव संपलेला खेळाडूही प्रेक्षकच धरला जातो, हे तर मोठ्या खेळाडूंनाही पटवून द्यावं लागतं.

म्हणून पहिल्या फेरीनंतर दोरी. आई असो, बाबा असो, नगरसेवक असो, दोरीच्या अलीकडे कोणी नाही. नगरसेवकाचा मुलगा खेळत असेल तर दोरी दोन हात आणखी मागे.

वागणुकीचे नियम फक्त पटावरच्या दोघांसाठी नाहीत, हे जानेवारी २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं मोठ्यानं सांगितलं. नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर तिनं लिहिलं की प्रेक्षक तिच्या खेळापेक्षा कपडे, केस आणि उच्चार यांबद्दल बोलत राहतात. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये ती बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली. आपल्या हॉलमध्येही मुलगी जिंकायला लागली की मागून कुजबुज येते. कुजबुजणाऱ्याला बोट दाखवून बाहेर काढता येतं, नियम त्याला पुरेसा आहे. बरेच पंच काढत नाहीत एवढंच.

त्याहून जुनी गोष्ट म्हणजे रोहिणी खाडिलकरची. १९७६ मध्ये ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तर केवढा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना निर्वाळा द्यावा लागला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. अजूनही एखादा आयोजक विचारतो, "सर, खुल्या गटात मुलगी चालते ना?" चालते. खुला म्हणजे खुला.

४. मोबाइल पेटीत

यात चर्चा नाही. २००६ मध्ये आपल्याच देशात उमाकांत शर्मा नावाच्या खेळाडूच्या टोपीत ब्लूटूथ सापडलं, दहा वर्षांची बंदी आली. २०१९ मध्ये ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस स्ट्रासबर्गला शौचालयात फोनसह सापडला. आपल्याकडे इतकी हुशारी लागत नाही; फोन खिशात विसरलेला असतो. शेगावच्या स्पर्धेत ऐन शेवटच्या मिनिटांत एकाच्या खिशातून "गण गण गणात बोते" वाजलं. दोघातिघांनी सवयीनं हात जोडले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. डाव गेला त्याचा. रिंगटोन कोणती हे नियम विचारत नाही.

५. पहिली फेरी पाहून पक्षपात ठरवू नका

दर स्पर्धेत कोणीतरी येतंच. "सर, माह्या पोराले पहिल्याच राउंडला नागपूरचा रेटिंगवाला? मुद्दाम टाकला ना?" मुद्दाम नाही. स्विस पद्धतीत सगळ्यांची रेटिंगनुसार यादी लावतात आणि पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला खालच्या अर्ध्यातला पहिला देतात. ही पद्धत १८९५ मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरली गेली, तेव्हापासून पालक तेच म्हणत असतील. पुढे सारख्या गुणांचे एकमेकांसमोर येतात. जोड्या संगणक लावतो. मी त्या छापून भिंतीवर लावतो आणि कोणी विचारलं तर पडद्यावर दाखवतो.

टायब्रेकचं मात्र पालकांचं खरं आहे. समान गुण, पण एकाला चषक आणि दुसऱ्याला हात हलवत घरी, हे त्या वयात लागतं. बुखोल्झ म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. न्याय्य आहे, पण पोराच्या हातात नाही. पहिल्या फेरीत ज्याला हरवलं तो पुढे हरत गेला तर तोटा तुमचा. लहान गटांत आयोजकांनी दोन चषक जास्त आणावेत असं मी सुचवतो. तसे ते फार महाग नसतात.

६. शेवटच्या फेरीची बरोबरी

खरा पैसा इथं असतो. समजा पहिलं बक्षीस अकरा हजार, दुसरं सात, तिसरं पाच. शेवटच्या फेरीत पहिल्या पटावर सारख्या गुणांचे दोघे. बरोबरी केली तर दोघंही वरच्या दोन-तीनांत पक्के. एक हरला तर घसरून सहावा, हातात हजार-पाचशे. बाहेर चहाच्या टपरीवर दोघं शेजारी उभे दिसले की मी ओळखतो.

नियमानं संमतीची बरोबरी चालते. आधी ठरवून आलेली चालत नाही. फरक पोटातला, दिसत नाही. अर्ध्या गुणानं मागे असलेला तिसरा मात्र यात कापला जातो आणि तो ना टपरीवर होता ना पटावर. तीस चालींच्या आत संमतीची बरोबरी नाही, असा नियम आयोजकाला करता येतो. मी करवून पाहिलाय. मग दोघे घोडे पुढे-मागे, पुढे-मागे करतात, तीच स्थिती तीनदा येते आणि बरोबरी मागतात. कायदेशीर.

पोकरवाल्यांनी यावर बरी युक्ती केलीय. कोणी सगळ्या चिप्स लावल्या आणि पुढे बोली उरली नाही, की उरलेल्या सगळ्यांचे पत्ते टेबलावर उघडे. मित्राला चिप्स भेट द्यायच्या म्हणाल तर सगळ्यांसमोर द्याव्या लागतात. आपल्याकडे मोहरे आधीच उघडे, पण तशी नजर नसते, कारण शेवटच्या फेरीपर्यंत निम्मा हॉल घरी गेलेला असतो. मला त्यातून जमलेला उपाय एकच. वरचे पट भिंतीकडून उचलून मधोमध आणतो, दोरी त्यांच्याभोवती ताणतो आणि लहान गटातल्या पोरांना भोवती बसायला बोलावतो. बघणाऱ्या पोरांसमोर घोडा पुढे-मागे करायला माणूस लाजतो. सगळे लाजत नाहीत.

खरं तर बरोबरीपेक्षा डाव विकणं वाईट. त्यात हरणाऱ्याच्या मूर्ख चुका कुठून येतात, हे तुम्हाला खेळ कळत असेल तरच दिसतं. आणि दिसलं तरी सिद्ध होत नाही. तिथं मी वरिष्ठांना लेखी कळवतो आणि पुढच्या स्पर्धेत त्या दोघांच्या पटाशी उभा राहतो.

७. रेटिंग लपवणारे

सोळाशेच्या खालच्या गटाला मोठी बक्षिसं ठेवली की सोळाशेच्या खाली राहण्यात फायदा तयार होतो. मग काही जण छोट्या स्पर्धांत हरत फिरतात. मार्च २०२४ पासून महासंघानं सगळ्यात खालचं रेटिंग १४०० वर नेलं, त्यानं यादी जरा सुधारली. दोष मी खेळाडूइतकाच आयोजकाला देतो. वरच्या गटापेक्षा खालच्या गटाला जास्त पैसे ठेवायचेच कशाला?

८. पंचाचं जेवण

आयोजक घरी जेवायला बोलावतो, प्रेमानंच. त्याचा पुतण्या चौथ्या पटावर खेळत असतो. मी डबा नेतो, भाकरी न् ठेचा. आधी लोकांना शिष्टपणा वाटायचा, आता कोणी विचारत नाही. आणि निर्णय चुकला असं ज्याला वाटेल त्याला अपील समितीकडे जायचं कसं, फी किती, अपील मान्य झालं तर ती परत मिळते, हे मी सकाळीच त्या दारावरच्या कागदावर लिहितो. समितीत त्या पोराचे काका नसावेत, एवढं आयोजकाला फोन करून आदल्या रात्री बघून घ्यावं लागतं.