चाळीस ग्रॅमचे द्विपंखी विमान

विमानाच्या प्रतिकृती तयार करणे हा सवड असलेल्यांचा छंद होय, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृतींची बांधणी हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून उभ्या राहिलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांतही अशा कामास लागणारी हत्यारे व साहित्य असते. तथापि शाळेत मेहनतीने तयार झालेले विमान कपाटातच राहावे, उडू नये, असे घडू शकते. अशा वेळी दोष मोटारीला किंवा रेडिओला दिला जातो. बहुधा तो वजनात असतो; आणि त्यातील बराचसा भाग अखेरच्या दिवसांत, रंगरंगोटीच्या वेळी, कोणाच्या लक्षात न येता चढलेला असतो.

रेडिओ-नियंत्रित चिमुकल्या द्विपंखी विमानाच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. उदाहरणादाखल ‘टायगर मॉथ’ या विमानाची प्रतिकृती घेऊ. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचे हे विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडाले. भारतीय हवाई दलातील व देशातील फ्लाइंग क्लबांतील वैमानिकांच्या अनेक तुकड्या याच विमानावर शिकल्या. हवाई दलाने जतन केलेले एक टायगर मॉथ २०१२ मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा आकाशात झेपावले. एकावर एक असे दोन पंख, त्यांना जोडणारे खांब आणि तिरप्या ताणतारा अशी त्याची रचना आहे. ही कल्पना पुलाच्या बांधणीतून आलेली आहे. रेल्वे पुलांचे अभियंता ऑक्टेव्ह शनूट यांनी १८९६ मध्ये आपल्या ग्लायडरसाठी पुलाच्या कैचीची पद्धत वापरली आणि १९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानातही तीच दिसली. लाकूड व कापड यांपासून हलका, पण न पिळवटणारा पंख करावयाचा तर त्या काळी याहून सोयीचा मार्ग नव्हता.

प्रमाणाचे गणित

मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ८.९४ मीटर, दोन्ही पंखांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २२.२ चौरस मीटर आणि पूर्ण भारासह वजन सुमारे ८२८ किलोग्रॅम आहे. प्रतिकृती १/२४ प्रमाणात केल्यास विस्तार ३७ सेंटिमीटरच्या किंचित वर जातो. क्षेत्रफळ मात्र २४ च्या वर्गाने, म्हणजे ५७६ पटीने, घटून सुमारे ३८५ चौरस सेंटिमीटर होते. आणि वजन २४ च्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटीने, घटून जेमतेम ६० ग्रॅम भरते. लांबी, क्षेत्रफळ व घनफळ यांतील हा फरक फळ्यावर सांगून जितका कळतो, त्याहून हातातील विमानावरून अधिक चांगला कळतो.

पण ६० ग्रॅमही जास्तच होत. लहान पंखाला हवा मोठ्या पंखाच्या मानाने अधिक चिकट भासते व त्याची उचलण्याची क्षमता कमी पडते. त्यात एका पंखावरील हवेचा प्रवाह दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणतो. शिवाय शाळेच्या मैदानावर वळावयाचे तर वेगही कमी हवा. म्हणून ४० ग्रॅमची मर्यादा घालून घ्यावी. एवढ्या वजनाचे हे विमान सेकंदाला ५ मीटरच्या आसपास वेगाने उडते. धावणारा मुलगा त्याच्या बरोबरीने जाऊ शकेल, इतका तो वेग आहे.

या ४० ग्रॅमचे अंदाजपत्रक काम सुरू करण्यापूर्वीच मांडलेले असावे. सांगाड्याला १६ ग्रॅम, मोटार व पंख्याला ७, रिसीव्हर आणि सुकाणू हलविणाऱ्या दोन सर्व्होंना ६, एका घटाच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीला ५, चाकांना २ आणि आवरण व रंग यांना मिळून ३, अशी ही वाटणी ३९ ग्रॅम होते. उरलेला एक ग्रॅम दुरुस्तीसाठी. खर्चाच्या अंदाजपत्रकात एका शीर्षाखालील वाढ दुसऱ्या शीर्षातून भागविता येते. येथे ती सोय फारशी नाही.

सांगाडा

सांगाड्यासाठी बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील झाडाचे लाकूड वापरतात. एकाच दुकानातील, एकाच जाडीच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. १ मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटर रुंद व १ मीटर लांब फळी हलक्या लाकडाची असल्यास १० ग्रॅम भरते, जड लाकडाची असल्यास २०. तेव्हा फळी डोळ्यांनी न निवडता काट्यावर निवडावी. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा छोटा काटा हे या कामातील पहिले हत्यार होय. जड फळी पंखाच्या कण्यासाठी व हलकी फासळ्यांसाठी ठेवावी. पंखांची टोके व शेपटीचे कडे यांसाठी बांबूची बारीक कामटी भिजवून वाकविली तरी चालते. आकाशकंदील करणाऱ्या हातांना ही कला नव्याने शिकवावी लागत नाही.

डिंक हा छुपा चोर आहे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. पांढरा गोंद थोडे पाणी घालून पातळ करावा, टाचणीच्या टोकाने लावावा आणि बाहेर आलेला पुसून काढावा.

द्विपंखी विमानाची खरी परीक्षा दोन्ही पंख बसविताना होते. वरचा व खालचा पंख हवेला एकाच कोनात सामोरा गेला पाहिजे. नुसत्या नजरेवर विसंबून चालत नाही. जाड पुठ्ठ्याचे दोन साचे कापून त्यांत दोन्ही पंख अडकवावेत आणि मगच मधले खांब चिकटवावेत. ताणतारांसाठी काळा लवचीक धागा घ्यावा व तो सैलसरच ठेवावा. शोभेचा धागा ताणून बांधल्यास तोच पंखाला पीळ देतो.

नाकापेक्षा मोती जड

आता आवरण व रंग. वरखाली मिळून सर्व पृष्ठभाग सुमारे ०.११ चौरस मीटर होतो. चौरस मीटरला १२ ग्रॅम वजनाचा टिश्यू कागद लावल्यास त्याचे वजन दीड ग्रॅमही होत नाही. रंगाच्या एका हातामागे चौरस मीटरला ३० ग्रॅम चढले, असे धरल्यास मात्र प्रत्येक हात ३.३ ग्रॅमचा पडतो. तीन हातांत १० ग्रॅम, म्हणजे संपूर्ण विमानाचा चौथा हिस्सा! कोणताही रंग लावण्यापूर्वी तो टिश्यूच्या मोजक्या तुकड्यावर लावून, वाळवून, आधीचे व नंतरचे वजन पाहावे. एवढी तसदी घेतली तर पुढचा पश्चात्ताप वाचतो.

शेपटीवरचा रंग तर अधिकच महाग पडतो. गुरुत्वमध्यापासून शेपूट सुमारे २० सेंटिमीटर मागे आणि मोटार ६ ते ७ सेंटिमीटर पुढे असते. तरफेच्या नियमाने शेपटीवरील १ ग्रॅमला तोलण्यासाठी नाकाशी ३ ग्रॅम शिसे घालावे लागते. एकाचे चार झाले.

यावर जुना व स्वस्त उपाय आहे. रंगीत खडूची वस्त्रगाळ पूड कापसाच्या बोळ्याने कोरड्या टिश्यूवर चोळावी, जादा पूड झटकावी आणि कागद सांगाड्यावर चढवावा. प्रशिक्षण विमानांचा ओळखीचा पिवळा रंग अशा रीतीने नगण्य वजनात येतो. त्यानंतर पाण्याचा अगदी हलका फवारा द्यावा. वाळताना कागद आक्रसून ढोलासारखा ताणला जातो आणि बारीक पंखाला वाकवूही पाहतो. म्हणून हे काम पंख खांबांवर बसविण्यापूर्वी, तो टाचण्यांनी सपाट पाटावर रोखून व खाली हवा खेळती ठेवून करावे, आणि पुरता वाळेपर्यंत सोडवू नये. शेवटी पातळ केलेल्या डोपचा एकच हात पुरे. क्रमांक व चिन्हे रंगविण्यापेक्षा रंगीत टिश्यूतून कापून लावावीत. चकाकी हवीच असा आग्रह धरणाऱ्यांनी प्रदर्शनासाठी वेगळी प्रतिकृती करावी, हे उत्तम.

उड्डाण

बॅटरी सरकवून गुरुत्वमध्य साधावा. दोन्ही पंखांची सरासरी रुंदी धरून पुढच्या कडेपासून सुमारे चौथ्या हिश्श्यावर तो प्रथम ठेवावा. मग मोटार बंद ठेवून गवतावर हाताने सोडून पाहावे. नाक खाली खुपसत असेल तर बॅटरी थोडी मागे, आणि नाक वर करून मग आपटत असेल तर पुढे घ्यावी. ५ मीटर वेगाच्या विमानाला ३ मीटर वेगाचा वाराही आवरू देत नाही, यास्तव पहाटेची निवांत वेळच योग्य.

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या साधनांचा ‘नॅनो’ हा वर्ग असून ती उडविण्यास दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून कोठेही उडवावे, असे मात्र नव्हे. विमानतळ व अन्य प्रतिबंधित क्षेत्रांचे निर्बंध कायम असतात. मैदान देणाऱ्या ग्रामपंचायतीने व शाळेने शासनाच्या हवाई क्षेत्राच्या नकाशावर जागेचा रंग पाहून घ्यावा आणि वीजवाहिन्यांपासून दूर असलेली बाजू निवडावी. बॅटरी तिच्यासाठीच असलेल्या चार्जरवर, शिक्षकांच्या देखत भारित करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

पहिल्या दिवशी एखादा खांब निखळेल, कागद फाटेल. ठिगळ लावून झाले की विमान पुन्हा काट्यावर ठेवावे, गुरुत्वमध्य पाहावा आणि दोन्ही नोंदी तारखेसह वहीत कराव्यात.