त्वचेवाटे मधुमेहाचे औषध : वाट कोणाला, अडथळा कोणाला

त्वचेवाटे औषध देण्याची पद्धत नवी नाही. प्रवासातील मळमळीवरच्या स्कोपोलामाइनच्या पट्टीला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली आणि पुढे नायट्रोग्लिसरीन, निकोटिन यांच्याही पट्ट्या आल्या. मधुमेहावरील औषधांची वाट मात्र त्वचेचा सर्वांत बाहेरचा, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा शृंगस्तर अडवतो, कारण मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध थर यांनी बनलेल्या या पडद्यातून सुमारे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) जड रेणू सहसा पार होत नाहीत.

हा पडदा ओलांडण्यासाठी संशोधक मायक्रोइमल्शनचा मार्ग तपासत आहेत. मायक्रोइमल्शन म्हणजे तेल, पाणी आणि त्या दोहोंना एकत्र राखणारे पृष्ठसक्रिय घटक यांचे पारदर्शक, स्थिर मिश्रण. त्यातील थेंब साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे असल्याने ते दुधासारखे पांढरे दिसत नाही. पाण्यात न विरघळणारे औषध त्यात भरपूर मावते, शिवाय ओलेइक आम्लासारखे घटक शृंगस्तरातील स्निग्ध थराची घट्ट रचना तात्पुरती सैल करतात. म्हणूनच संशोधकांचे लक्ष काही मिलिग्रॅममध्ये काम भागणाऱ्या ग्लिमेपिराइड, रिपॅग्लिनाइड अशा स्निग्धस्नेही औषधांकडे गेले. मेटफॉर्मिनचा रेणू लहान असला तरी तो पाण्यात रमणारा आहे आणि त्याची दिवसाची मात्रा ५०० ते २००० मिलिग्रॅम असते, जी पट्टीतून पुरवणे व्यवहार्य नाही. सुमारे ५८०० डाल्टनच्या इन्सुलिनचा प्रश्न तर याहून बिकट.

खरी अडचण मात्र याच्या पुढची आहे. रिपॅग्लिनाइड जेवणापूर्वी घेतात ते जेवणानंतर वाढणाऱ्या साखरेसाठी. तेच औषध त्वचेतून संथपणे दिवसभर झिरपू लागले, तर उपवासाच्या दिवशी किंवा रात्री झोपेत साखर घसरण्याचा धोका संभवतो, आणि पट्टी काढल्यावरही त्वचेत साठलेले औषध काही काळ रक्तात उतरत राहते. पृष्ठसक्रिय घटकांमुळे त्वचेची आग, लाली होऊ शकते, ही बाब कोरड्या त्वचेच्या मधुमेहींसाठी किरकोळ नव्हे.

हे संशोधन मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेले असल्यामुळे साखर उतरवण्याचा दावा करणाऱ्या पट्ट्या वा मलमांच्या भरवशावर चालू गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये. मेटफॉर्मिनने पोट बिघडत असल्यास डॉक्टरांना सांगावे. जेवणासोबत घेणे, मात्रा हळूहळू वाढवणे किंवा सावकाश विरघळणारी गोळी देणे हे उपाय आजही हाताशी आहेत. दंडावर चिकटवला जाणारा ग्लुकोज-सेन्सर पट्टीसारखा दिसत असला तरी तो फक्त साखर मोजतो, औषध देत नाही.