गोठ्यावरील माळ्यासाठीं धुराची सूचना देणारें यंत्र

भाताची मळणी आटोपली कीं पेण व रोहा तालुक्यांतील शेतकऱ्याचा वर्षभराचा पेंढा गोठ्यावरच्या माळ्यावर चढतो. पावसाळ्यांत जनावरांचें पोषण त्यावरच व्हावयाचें असतें. पुढें राब भाजण्याचे दिवस येतात, डोंगरास वणवे लागतात, आणि कौलांच्या फटींतून एखादी ठिणगी आंत शिरली तर एका रात्रींत काय होऊं शकतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शहरांतून बंब येईपर्यंत माळा व बैल दोन्ही हातचे जातात. म्हणून धूर निघतांच घरच्या माणसांस जागें करणारें व बाहेरगांवीं असलेल्या घरधन्यास फोनवर निरोप पाठविणारें यंत्र घरच्या घरीं कसें जोडावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभींच आमची फजिती सांगून टाकतों. गेल्या वर्षीं आम्हीं पहिलें यंत्र बसविलें, तें घरच्या विजेवर व वायफाय राउटरवर सर्वस्वीं अवलंबून होतें. एके सायंकाळीं डांसांसाठीं गोठ्यांत केलेली धुरी नीट विझली नाहीं व माळ्यावरून लोंबणाऱ्या पेंढ्यास तिची आंच लागली. वीज तर दहा वाजतांच गेलेली! यंत्र मुकें राहिलें. बैलांची धडपड ऐकून गडी जागा झाला, त्यानें आकडीनें पेटता पेंढा खालीं ओढला, म्हणून गोठा वाचला. पुढील रचना त्या रात्रीनंतरची आहे.

यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. बोटाएवढ्या पट्टीवरील हा लहानसा संगणक आपण लिहून दिलेली एकच आज्ञावली अहोरात्र पाळीत असतो. ई.एस.पी. ३२ या जातीची पट्टी घ्यावी. तिच्यांत वायफाय अंगचेंच असतें. धूर ओळखण्यास बाजारांत एम.क्यू. २ नांवाचा स्वस्त संवेदक मिळतो, व पुष्कळ लोक तोच माळ्यावर टांगतात. आमच्या मतें ही चूक आहे. तो वस्तुतः ज्वालाग्राही वायु ओळखणारा असून त्याच्या पोटांत सतत तापणारी तार असते. अशी वस्तु पेंढ्याजवळ नको. त्याची जागा स्वयंपाकघरांत, गॅसच्या टाकीजवळ. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें संवेदक जमिनीपासून हातभर उंचीवर लावावा, आढ्यास लावून उपयोग नाहीं. नवा संवेदक एकदोन दिवस तापूं द्यावा, त्यापूर्वींच्या आंकड्यांवर विश्वास ठेवूं नये. तो ५ व्होल्टपर्यंत दाब देतो आणि मायक्रोकंट्रोलरास ३.३ व्होल्टच सोसतात. याकरितां मध्यें १० व २० किलोओहमचे दोन रोधक घालून दाब दोनतृतीयांशावर आणावा व तो ३४ क्रमांकाच्या पिनेस द्यावा. हा रोधक विसरल्यानें आमची एक पट्टी निकामी झाली.

माळ्यासाठीं प्रकाशावर चालणारा तयार धूरशोधक घ्यावा. त्याच्या अंधाऱ्या कोठडींत एक दिवा व एक डोळा अशा बेतानें बसविलेले असतात कीं दिव्याचा उजेड सरळ डोळ्यावर पडत नाहीं. धुराचे कण आंत शिरले म्हणजे उजेड विखुरतो व डोळ्यास दिसतो. पेंढा आधीं धुमसतो व मागाहून भडकतो, आणि धुमसण्याचा धूर हाच शोधक लवकर ओळखतो. १२ व्होल्टवर चालणारा व रिलेचे संपर्क असलेला नमुना मागावा. त्याचा एरवीं मिटलेला व धूर येतांच उघडणारा संपर्क २७ क्रमांकाची पिन व जमीन यांमध्यें जोडावा, आणि त्या पिनेस पट्टींतीलच वर ओढणारा रोधक चालू करावा. यांत मोठा लाभ असा कीं उंदरांनीं तार कुरतडली तरीहि संपर्क तुटून भोंगा वाजतो. उलट जोडणींत तुटलेली तार वर्षभर कळणार नाहीं.

शोधक आढ्याच्या अगदीं टोकास न लावतां वीतभर खालीं लावावा. दुपारीं तापलेल्या कौलांखालीं उष्ण हवेचा थर साचतो व प्रारंभींचा थंड धूर त्यावर चढत नाहीं. माळ्यावर घरची २३० व्होल्टची वीज मुळींच नेऊं नये. मायक्रोकंट्रोलर, भोंगा व बॅटरी पडवींत ठेवून केवळ कमी दाबाच्या तारा वर न्याव्या.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची घ्यावी. तीवर एवढें यंत्र दिवसाहून अधिक काळ चालतें. राउटरहि तिच्यावरच घातल्यास रात्र निघेलच असें नाहीं, म्हणून त्यास निराळी बॅटरी द्यावी. तथापि निरोपावर सारी भिस्त ठेवूं नये. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, त्यानंतर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं वीज व मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद होतीं. आज्ञावलींत प्रथम भोंगा, मग निरोप, हा क्रम ठेवावा; राउटर सांपडत नाहीं म्हणून भोंगा अडून राहतां कामा नये. संपर्क क्षणभर उघडल्यास दुर्लक्ष करावें, पांच सेकंद उघडा राहिल्यास हांक द्यावी. शिवाय रोज सकाळीं सात वाजतां ‘यंत्र जागें आहे’ एवढा निरोप यावा. मेलेलें यंत्र आपल्या मरणाची वर्दी देत नाहीं. सातचा निरोप चुकला कीं घरीं विचारणा करावी.

आतां सर्वांत मोठी अडचण. रोजच्या धुरीनें व राबाच्या धुरानें भोंगा वाजणारच. आमच्या एका शेजाऱ्यानें कंटाळून तार काढली, ती दोन महिने तशीच राहिली. तार काढण्यापेक्षां एक कळ बसवावी. ती दाबल्यास यंत्र पंधरा मिनिटें गप्प बसतें व नंतर आपोआप पुन्हा सावध होतें. तिला कायमची बंद करण्याची सोय ठेवूं नये, घरच्या पोरांनीं कितीहि आग्रह केला तरी!

परीक्षा घेतांना माळ्यावर काडी ओढूं नये. शोधक तारेसह खालीं अंगणांत आणावा व उदबत्तीचा धूर त्याखालीं धरावा. महिन्यांतून एकदां हें करावें, आणि त्याच वेळीं जाळीवरील भाताचा कोंडा व कोळ्यांचीं जाळीं मऊ कुंचल्यानें झाडून काढावीं.